खोलीचे माप घेणारे चित्र

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी शाळांत डिजिटल वर्ग म्हणजे भिंतीवर पडणारा प्रोजेक्टरचा एक चौकोन. त्यासाठी सपाट, पांढरी जागा शोधायची, कपाट सरकवायचे, फळा टाळायचा, खिडकीला चादर बांधायची. बाकीच्या भिंती आणि छत चित्राच्या बाहेरच राहतात. पण अशाच खोलीच्या सगळ्या भिंती, कोपऱ्यांसकट आणि कपाटासकट, मिळून एकच अखंड चित्र होऊ शकतात. ही गोष्ट शक्य करणाऱ्यांत नाशिकमध्ये वाढलेला एक मराठी संशोधक आघाडीवर होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

चित्राने माणसाला चहूबाजूंनी वेढावे ही ओढ जुनी आहे. रॉबर्ट बार्करने १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर चौकात खास गोल इमारत उभारली आणि तिच्या आतल्या भिंतीभर चित्र लावले. आपल्याकडे १९७७ मध्ये वरळीला नेहरू तारांगण सुरू झाले, तेव्हा आभाळासाठी घुमट बांधावा लागला. १९९२ मध्ये शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या क्रूझ-नैरा, सँडिन आणि डीफँटी यांनी ‘केव्ह’ दाखवली. माणूस आत उभा राहील एवढी ती पडद्यांची खोली, आणि तिच्या तीन भिंती व जमीन संगणकाच्या चित्रांनी उजळलेली. अट मात्र सगळीकडे तीच: आधी चित्राच्या मापाची जागा बांधा, मग चित्र दाखवा.

ती अट मोडण्याचा सर्वांत देखणा प्रयत्न मला मायकेल नायमार्कचा वाटतो. १९८० ते १९८४ या काळात त्याने एक साधी बैठकीची खोली सजवली, मध्यभागी फिरत्या चकतीवर कॅमेरा ठेवला आणि खोलीत वावरणाऱ्या माणसांचे चित्रीकरण केले. मग खोलीतली प्रत्येक वस्तू पांढऱ्या रंगाने रंगवली आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर फिरवत तीच फिल्म पुन्हा त्याच वस्तूंवर टाकली. खुर्चीचे चित्र नेमके खुर्चीवर, भिंतीचे भिंतीवर! पण खुर्ची वीतभर सरकली की सारे बिघडणार, कारण चित्राला खोलीची काहीच कल्पना नव्हती.

ती कल्पना देण्याचे काम सुरुवातीला उल्लेखलेल्या नाशिकच्या रमेश रासकर यांनी केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात गेले. १९९८ मध्ये त्यांनी हेन्री फुक्स, ग्रेग वेल्श आणि इतर सहकाऱ्यांसह ‘भविष्यातले ऑफिस’ या कल्पनेवर निबंध मांडला. त्यांचे म्हणणे असे की वेगळा पडदा नकोच. नेहमीच्या ऑफिसच्या भिंती आणि टेबले हाच पडदा. त्यासाठी छताजवळ प्रोजेक्टर आणि कॅमेरे बसवायचे. प्रोजेक्टर खोलीवर पट्ट्यांचा एक नमुना टाकतो आणि लगेच त्याचा उलटा नमुना. ही अदलाबदल इतकी झरझर होते की डोळ्याला दोन्ही मिळून साधा उजेड दिसतो. त्याच तालावर चालणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र पट्ट्या वेगळ्या दिसतात. पट्टी कुठे वाकली, कुठे तुटली, यावरून संगणक कोपरा, कपाट, टेबलाची कड सारे मोजून काढतो.

यापुढची युक्ती मला फार आवडते. पाहणारा जिथे उभा आहे तिथून चित्र कसे दिसायला हवे, हे संगणक आधी ठरवतो. ते चित्र मोजलेल्या खोलीवर मनातल्या मनात पसरतो आणि मग प्रोजेक्टरच्या जागेवरून ते किती वाकडे टाकावे लागेल याचा हिशोब करतो. चित्र मुद्दाम वाकडे टाकले जाते, म्हणून वाकड्या भिंतीवर ते सरळ दिसते. दोन प्रोजेक्टरांचा उजेड जिथे एकमेकांवर पडतो तिथे दोघांचीही प्रखरता हळूहळू उतरवायची, म्हणजे सांधा दिसत नाही.

२००१ मध्ये रासकर आणि सहकाऱ्यांनी ताजमहालाच्या पांढऱ्या प्रतिकृतीवर नुसत्या उजेडाने रंग आणि पोत चढवले. पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘रूमअलाइव्ह’मध्ये प्रोजेक्टर आणि खोली मापणारे कॅमेरे यांच्या सहा जोड्या लावून एक दिवाणखाना खेळाचे मैदान केला. त्यामागची आज्ञावली त्यांनी नंतर सर्वांसाठी खुली केली.

अडचणी उरल्या आहेतच. पांढऱ्या भिंती एकमेकींवर उजेड परतवतात, त्यामुळे चित्रातला अंधार फिका पडतो. काळा फळा उजेड गिळून टाकतो. तेवढा भाग झाकावाच लागतो. उन्हाळ्यातल्या दुपारच्या उजेडापुढे कुठलाच स्वस्त प्रोजेक्टर टिकत नाही.

तिकीट लावून भरणारी चित्रांची मोठमोठी दालने आता मुंबईसारख्या शहरांत येऊन जातात. तिथे पुन्हा चित्रासाठीच जागा तयार करतात. यवतमाळमधल्या झरी-जामणीत किंवा घाटंजीत असे दालन कोणी बांधणार नाही. तिथल्या मुलांपर्यंत टिपेश्वरचे जंगल किंवा ताऱ्यांनी भरलेले आभाळ चारही भिंतींवर पोहोचायचे असेल, तर ते रासकरांच्या वाटेनेच पोहोचेल: काही प्रोजेक्टर, खोली मापणारे कॅमेरे, संगणक आणि आहे तोच वर्ग.