बोस, राहुल

(27 जुलै 1967– ). भारतीय रग्बीपटू, क्रीडा प्रशासक व अभिनेते. वडील बंगाली, आईकडून पंजाबी आणि मराठी वारसा. शालेय शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल शाळेत, पुढे सिडनहॅम महाविद्यालयात. मुष्टियुद्ध आणि रग्बीची गोडी आईनेच लावली. ‘इंग्लिश, ऑगस्ट’ (1994) व ‘मिस्टर अँड मिसेस अय्यर’ (2002) या चित्रपटांनी नाव झाले आणि त्या नावाखाली त्यांचा खेळ झाकला गेला.

भारताचा राष्ट्रीय रग्बी संघ 1998 मध्ये आशियाई रग्बी स्पर्धेत प्रथमच उतरला, त्यात बोस होते. ते स्क्रम-हाफ आणि उजवा विंगर अशा दोन्ही जागांवर खेळत. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांदे भिडवून रेटा लावतात. त्यांच्यामधल्या फटीत चेंडू सोडायचा, धावत मागे यायचे, पायांतून निसटलेला चेंडू उचलायचा आणि अंगावर कोणी येण्याआधी मागच्या साथीदाराकडे फेकायचा, हे स्क्रम-हाफचे काम. त्याला धिप्पाड देहापेक्षा चपळ हात आणि तत्काळ निर्णय लागतो. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने 1995 मध्ये मानधनाला परवानगी दिली, तरी भारतातला खेळ हौशीच होता. बोस दहाएक वर्षे देशासाठी खेळले ते चित्रीकरणाच्या तारखा सांभाळून. 2009 च्या हंगामात त्यांनी संघात न परतण्याचा निर्णय जाहीर केला.

रग्बी भारतात जुनीच आहे. कोलकात्यातला क्लब बंद पडला, तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून घडवलेल्या चषकासाठी इंग्लंड-स्कॉटलंड आजही झुंजतात. मात्र इथे हा खेळ बराच काळ जिमखाने, लष्कर आणि निवडक शाळांपुरता राहिला. हे कुंपण मोडणे हेच बोस यांच्या प्रशासकीय कारकिर्दीचे खरे मोल, असे म्हणता येते. भारतीय रग्बी फुटबॉल युनियनच्या त्यांच्या अध्यक्षपदाच्या काळात जून 2025 मध्ये मुंबईच्या अंधेरी क्रीडा संकुलात ‘रग्बी प्रीमियर लीग’ झाली. सात-सात खेळाडूंचे सहा संघ होते आणि परदेशी नामवंतांच्या बरोबरीने भारतीय मुले खेळली. पहिले विजेतेपद चेन्नई बुल्सने पटकावले. स्वतः हौशी म्हणून खेळलेल्या माणसाच्या कारकिर्दीत भारतीय रग्बीपटूला खेळाचे पैसे मिळू लागले, ही मोठी गोष्ट आहे. महिलांची वाट त्याआधीच खुली झाली होती: पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांच्या नेतृत्वाखाली 2019 मध्ये मनिला येथे भारताने सिंगापूरला 21–19 असे हरवले. पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

कुंपण अजून पुरते मोडलेले नाही. कसारा मार्गावरच्या आंबिवलीहून लोकलने सीएसएमटीला उतरले, की बॉम्बे जिमखान्याचे मैदान चालत गाठता येते. तरी कल्याणपलीकडच्या मुलाला रग्बी परकीच वाटते. कबड्डीतली पकड मात्र त्याच्या अंगात मुरलेली असते. खांद्याखाली धरून गडी पाडायचा, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. शिकवायचे ते एवढेच, की पडलेल्याने चेंडू लगेच सोडायचा. आंबिवली-टिटवाळ्याच्या शाळांत चेंडू आणि प्रशिक्षक पोचवणे, हे काम संघटनेने आता हाती घ्यावे.