रिकाम्या जागेचा तात्पुरता वापर : सटाण्यातील कार्यकर्त्यांसाठी माहिती

जागा रिकामी दिसते म्हणून ती बेवारस नसते. ती नगरपरिषदेची असते, महसूल खात्याची असते, एखाद्या लेआउटमधली ओपन स्पेस असते, नाहीतर कुणाचा खासगी प्लॉट. मालकाच्या लेखी परवानगीने, ठरलेल्या मुदतीपुरती, हक्क न सांगता ती समाजाच्या कामाला लावणे, याला आम्ही तात्पुरता सामुदायिक वापर म्हणतो.

आपल्या चळवळीतला सर्वांत मोठा दिवस अशाच जागेवर घडला. 1956 मध्ये नागपुरात धम्मदीक्षेच्या तयारीची धुरा वामनराव गोडबोले यांच्याकडे होती. व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळचे मोकळे मैदान ठरले आणि 14 ऑक्टोबरला तिथे लाखो लोक जमले. पण सोहळा झाला म्हणून मैदान आपले झाले नाही. स्मारकासाठी पुढे वेगळी मागणी करावी लागली, आणि स्तूपाचे उद्घाटन व्हायला 18 डिसेंबर 2001 उजाडला. वापर वेगळा, ताबा वेगळा. वस्त्यावस्त्यांत आजही नेमकी इथेच गल्लत होते.

सटाण्याला ही पद्धत नवी नाही. देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेत दरवर्षी दुकाने लागतात आणि यात्रा सरली की उठतात. 14 एप्रिलला, बुद्ध पौर्णिमेला आपलाही मंडप पडतो. आमचे म्हणणे इतकेच, की एका दिवसाच्या मंडपावर थांबू नये. वर्षावासाच्या तीन महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली ग्रंथवाचन होऊ शकते, परीक्षांच्या दिवसांत अभ्यासिका चालू शकते.

आधी मालक शोधा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा. मग नगरपरिषदेत विकास आराखडा बघा आणि जागेवर शाळा, बाग, मैदान असे आरक्षण आहे का ते तपासा. नगरपरिषदेची जागा असेल तर अर्ज मुख्याधिकाऱ्यांकडे, महसूलची असेल तर तहसील कार्यालयात. अर्जात तारखा, वेळ, पाणी, वीज, सफाई आणि जागा परत करण्याचा दिवस लिहा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माहिती दडवली जात असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली 30 दिवसांत उत्तर मागता येते. लाउडस्पीकरची परवानगी पोलिसांकडून, वेगळी. आरम नदीलगतची जागा असेल तर पावसाळ्यात पूररेषेचा विचार आधी करा.

रातोरात चौथरा बांधून मूर्ती बसवण्याचा मोह मात्र टाळा. सार्वजनिक जागांवर नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे, आणि तो सर्वच धर्मांना लागू आहे. एका चौथऱ्यापायी पुढच्या वर्षीची परवानगी जाते.

विहारासाठी कायमची जागा हवी असेल तर स्वतंत्र मागणी करा. नगरपरिषदेच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणावर 1965 च्या अधिनियमातील कलम 92 ची बंधने आहेत, त्यामुळे वेळ लागतो. त्या अर्जाला जुन्या परवानग्यांच्या प्रती जोडा, आणि कार्यक्रमानंतर झाडून परत दिलेल्या मैदानाचे फोटोही.