नकाशातला खानदेश

इतिहासाचा नकाशासंग्रह हाती आला की माणूस आधी आपला मुलूख शोधतो. आम्हीही तेच करतो. प्रा. इरफान हबीब यांचा मोगल साम्राज्याचा नकाशासंग्रह १९८२ साली निघाला. त्यात प्रदेशांचे राजकीय नकाशे वेगळे आणि आर्थिक वेगळे.

राजकीय इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. फिरोजशहा तुघलकाने १३७० साली मलिक राजास थाळनेर दिले. त्याच्या मुलाने असीरगड घेतला, बुऱ्हाणपूर वसविले. १६०१ च्या जानेवारीत असीरगड अकबराच्या हाती पडला आणि फारुकी राज्य बुडाले. शाहजादा दानियालच्या नावाने खानदेशाचे ‘दानदेश’ झाले. लोकांनी ते नाव काही धरले नाही!

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा जीव अडकतो तो दुसऱ्या नकाशात. कोठे काय पिके, कोठे काय विणले जाई, माल कोणत्या वाटेने जाई, हे तेथे दिसते. सुरतेहून नवापूर, नंदुरबार करीत तापीखोऱ्यातून बुऱ्हाणपूर, पुढे आग्रा. बुऱ्हाणपुरी कापड तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत पोचे, असे तावेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या लिहितो. त्याच युरोपात, फ्लॉरेन्सच्या लोकर पिंजणाऱ्यांनी १३७८ साली बंड करून काही काळ नगराचा कारभार हाती घेतला होता. त्यांचे बंड इतिहासात नोंदले गेले. आमच्या कोष्ट्या-मोमिनांचे कापड पोलंडास गेले, पण त्यांची मजुरी काय होती, हे विचारायला कोण बसले आहे?

१६३० साली पाऊस नाही. पीटर मंडी हा इंग्रज त्याच वर्षी सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे निघाला. रस्ताभर प्रेते, नंदुरबारला तंबू ठोकायला जागा मिळेना. शहाजहान तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरातच होता. त्याने लंगर उघडले, साऱ्यात सूट दिली, हे खरे. पण विणकर उपाशी मेला, पळाला, माग थांबले. आता राज्यांच्या रंगांचा नकाशा १६२९ चा काढा की १६३३ चा काढा. खानदेशाचा रंग तोच. रेघही हललेली नाही. किल्ला पडला तर रंग बदलतो, गाव ओस पडले तर बदलत नाही.

जळगावच्या खानदेश मिलचे साचे बंद पडले तेव्हाही कोणत्याच नकाशाचा रंग बदलला नाही. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ आहे, कागद जपणारी माणसे आहेत. मागवाल्यांच्या वस्त्या, कापसाच्या वाटा, बंद गिरण्या दाखविणारे खानदेशाचे एक पान तेथल्या तरुण अभ्यासकांनी काढावे. त्या साच्यांवर उभे राहिलेले लोक अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून घ्यावे.