शब्दवेध : तुरुष्क
जव्हारच्या मुकणे घराण्यातील नेमशहास दिल्लीपती मुहम्मद तुघलकाने १३४३ साली राजेपणाची मान्यता देऊन ‘शाह’ हा किताब बहाल केला आणि त्या घटनेपासून संस्थानाच्या दप्तरात स्वतंत्र शक चालू झाला, ही हकीकत जव्हार-मोखाड्यात परिचित असली, तरी देणारा वंशाने तुर्क आणि दिलेला शब्द फारसी, ही त्यातील मौज सहसा ध्यानी येत नाही.

आठव्या शतकातील ओर्खोनकाठच्या शिलालेखांत स्वतःस ‘त्युर्क’ म्हणविणारे हे लोक तेंग्री या आकाशदेवतेचे उपासक होते. पुढे उइगुरांनी मानीचा पंथ, कित्येकांनी बुद्धमार्ग स्वीकारला, आणि इस्लाम त्यांच्यात दृढमूल होऊ लागला तो दहाव्या शतकात. धातूस प्रत्ययामागून प्रत्यय जोडीत जाणारी त्यांची भाषा संस्कृतच्या कुळातली नव्हे, अरबीच्याही नव्हे; परंतु हिंदुस्थानात त्यांचा दरबार फारसीतच चालला.

काश्मीरचा इतिहासकार कल्हण याने बाराव्या शतकात राजा कनिष्कासही ‘तुरुष्क’ म्हणजे तुर्क म्हटले, तो कनिष्क बौद्धांचा आश्रयदाता. म्हणून मराठीत ‘तुरुक’ म्हणजे सरसकट मुसलमान असा जो अर्थ रूढ झाला, तो मला त्या शब्दावरचा अन्याय वाटतो. तुर्कांच्या भाषेची खरी खूण आपल्याकडे तोफ, कैची, बेगम अशा रोजच्या शब्दांत आहे.