पडलेल्या शेअरचे मोल

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मुंबईच्या शेअरबाजारात मुहूर्ताचे सौदे होतात. १९५७ पासून ही रीत चालत आली आहे. वर्षभर बाजाराकडे न फिरकणारे गृहस्थही त्या दिवशी शकुन म्हणून एखाददुसरा शेअर पदरात पाडून घेतात, आणि तो बहुधा पडलेला असतो. चढलेला शेअर परवडत नाही. पडलेला मात्र स्वस्त भासतो. पाचशेचा होता, दीडशेला मिळतो आहे, मग सोडायचा कशाला? हाच हिशेब आपण दादरच्या दुकानात साडी घेताना करतो आणि तिथे तो बहुधा बरोबरही ठरतो. कारण साडी बोटांनी चाचपता येते. शेअर चाचपायचा कसा?

बाजारातल्या जाणत्यांनी त्यासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. ती अशी : गेल्या दोनशे दिवसांचे बाजार बंद होतानाचे भाव घ्यावेत, त्यांची बेरीज करून दोनशेने भागावे. दुसऱ्या दिवशी नवा भाव मिळवावा, सर्वांत जुना वगळावा आणि पुन्हा भागावे. रोज एक पाऊल पुढे टाकणारी ही सरकती सरासरी. कोणी दिवसांऐवजी दोनशे आठवडे धरतात, म्हणजे जवळजवळ चार वर्षे झाली. आजचा भाव या लांबच्या सरासरीच्या फार खाली गेला, की शेअर आपल्या मोलापेक्षा स्वस्त झाला, असा अंदाज बांधायचा. एका दिवसाच्या घबराटीपेक्षा चार वर्षांची आठवण अधिक भरवशाची, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व वाईट नाही. पण ही मोजपट्टी हातात घेऊन एकशे साठ वर्षांपूर्वीच्या मुंबईत जरा फिरून येऊ, म्हणजे ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे दगा देते, ते कळेल.

१८६१ साली अमेरिकेत उत्तर-दक्षिण युद्ध पेटले. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बसल्या. मग गुजरातचा, खानदेशाचा, वऱ्हाडचा जो कापूस पूर्वी दुय्यम गणला जात असे, त्याला सोन्याचे मोल आले. लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस बाजारात आणला असे म्हणतात. युद्धाच्या पाच वर्षांत मुंबईला सुमारे आठ कोटी दहा लाख पौंड जादा मिळाले, हा आकडा त्या काळच्या इतिहासात वारंवार येतो. त्यातला ‘जादा’ हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पूर्वीच्या वर्षांत जो भाव रास्त समजला जाई, त्याच्या वरची ही प्राप्ती. म्हणजे जुन्या वर्षांचा मापदंड लोकांना ठाऊक होता! तो त्यांनी लावला मात्र सगळे आटोपल्यावर.

पैसा आला, आणि त्याला बसायला जागा उरली नाही. १८६५ च्या जानेवारीत या शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या उभ्या होत्या. सर्वांचा मुकुटमणी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्याकडे पसरलेल्या उथळ समुद्रात भराव घालून जमीन करायची आणि ती विकायची, असा तिचा बेत. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरवर पन्नास हजारांचा अधिमूल्याचा भाव फुटला. प्रेमचंद रायचंद हे या साऱ्या खेळाचे सूत्रधार. त्यांनी चिठ्ठी द्यावी आणि घेणाऱ्याचे दैव उघडावे, असा तो काळ होता. १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी दोन-दोन लाख रुपये दिले. तो मनोरा पुढे १८७८ मध्ये पुरा झाला आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने आजही राजाबाई टॉवर म्हणून उभा आहे. त्या तेजीतले एवढे एकच कर्ज फिटले म्हणायचे!

१८६५ च्या एप्रिलमध्ये जनरल लीने शरणागती पत्करली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सारे सौदे १ जुलै १८६५ ला चुकते व्हायचे होते. त्या दिवशी देणाऱ्याकडे पैसे नव्हते, कारण ज्याच्याकडून यायचे त्याच्याकडेही ते नव्हते. पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. प्रेमचंदांचेही दिवाळे वाजले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला गिरगावचे जगन्नाथ शंकरशेट निवर्तले. ज्या मुंबईच्या उभारणीला त्यांनी हात लावला होता, ती तेव्हा अशी पालथी पडलेली होती.

आता मोजपट्टी लावू. बॅकबेचा शेअर पन्नास हजारांवरून दोन हजारांच्याही खाली आला. कोणी त्याच्या सगळ्या आयुष्याची सरासरी काढली असती, तर दोन हजार हा भाव मातीमोल वाटला असता. पण त्या शेअरचे आयुष्य होते किती? जेमतेम तेजीचा काळ. ज्याचा जन्मच जत्रेत झाला, त्याला जत्रेतला भाव हाच घरचा भाव वाटणार. ही सरासरी नव्हे, हा तापाच्या अंशांचा तक्ता.

हे आकड्यांनी पाहिले तर बरे. आकडे उदाहरणासाठी मीच घेतो. एका शेअरचे पाच दिवाळ्यांचे भाव १००, १२०, १४०, ३०० आणि ५० असे आहेत. सरासरी १४२. पन्नासला मिळतो म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मिळाला, असे वाटून आपण घेतला. पुढच्या दिवाळीला भाव ४५. जुना शंभर वगळला, सरासरी १३१ झाली. मग तो चाळीसवर येऊन तिथेच बसला. सरासरी ११५ होते, मग ९५, आणि ज्या वर्षी ते तीनशे हिशेबातून गळतात त्या वर्षी ती एकदम ४३ वर येते. चाळीसचा शेअर आता स्वस्त नाही, ‘रास्त’ आहे! कंपनीत काडीचा फरक पडला नाही, आपल्या खिशातही काही आले नाही. केवळ मोजपट्टी आखूड झाली. भाव वर येऊन सरासरीला भेटेल या आशेवर माणूस बसतो, आणि सरासरीच खाली उतरून भावाला भेटते.

मग जुन्या, नावाजलेल्या कंपनीला तरी ही पट्टी लागू पडावी? तसेही नाही. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, सरकारचे भांडवल आणि सरकारचे संचालक असलेली. तिच्या शेअरने २८५० पाहिले होते. तो ८७ रुपयांना विकला गेला. पंचवीस वर्षांची संस्था, ८७ रुपये भाव. डोळे मिटून घ्यावा असाच तो सौदा दिसतो. परंतु १८६३ मध्ये नव्या कायद्याने तिच्यावरचे जुने निर्बंध ढिले झाले होते आणि शेअर तारण ठेवून तिने कर्जे वाटली होती. आधीची बावीस-तेवीस वर्षे एक बँक होती. नंतरची दोन वर्षे त्याच पाटीखाली दुसरीच बँक चालली. सरासरीला पाटी दिसते, तिजोरी दिसत नाही. १८६८ मध्ये जुनी बँक बुडाली, चौकशी आयोग बसला, आणि त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे निघाली. ही नवी बँक १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत आणि १९५५ मध्ये तिच्यातूनच स्टेट बँकेत आली. संस्था एका अर्थी आजही जिवंत आहे. ८७ ला शेअर घेणाऱ्याचे पैसे मात्र जुन्या बँकेबरोबरच गेले.

याउलट पडका माल घेऊन जिंकल्याचेही एक उदाहरण याच शहराच्या वेशीवर आहे. कुर्ल्याची धरमसी मिल दिवाळ्यात निघाली, तेव्हा १८८६ मध्ये जमशेटजी टाटांनी ती साडेबारा लाखांना घेतली. उभारणीच्या खर्चाच्या पाव भागाइतकीच ही किंमत. नाव ठेवले स्वदेशी मिल. लोक म्हणाले, टाटांनी लॉटरी मारली. पण मागाहून कळले की यंत्रे खिळखिळी आहेत. मालाला उठाव नाही, शेअरचा भाव घसरतो आहे, कर्ज मिळेना. तेव्हा जमशेटजींनी घरचा पैसा ओतला, नागपूरच्या एम्प्रेस मिलमधली कसलेली माणसे आणली, यंत्रे बदलली, आणि काही वर्षांत गिरणी नफ्यात आणली. पडलेल्या भावात जी स्वस्ताई दिसली होती, ती त्यांनी नंतर पैसे आणि घाम घालून खरी केली. मुहूर्ताला दहा शेअर घेणाऱ्या गृहस्थाला कुर्ल्याला जाऊन यंत्रे बदलता येत नाहीत. त्याला दुसऱ्या कोणा जमशेटजीची वाट पाहावी लागते, आणि तो दर गिरणीला भेटत नाही.

हे परळ-लालबागने पुढे फार जवळून पाहिले. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, आणि भोंगेही एकेक करून थांबले. त्या वर्षांत गिरणीचे शेअर कोणत्याही लांबच्या सरासरीच्या खाली होते, आणि वर्षानुवर्षे खालीच राहिले. मोल नव्हते असे नाही. पण ते मागांत नव्हते, चात्यांत नव्हते. खालच्या जमिनीत होते. भावाच्या कुठल्याही तक्त्यात जमिनीला रकाना नसतो. १९९१ आणि २००१ च्या विकास नियमांनी त्या जमिनीचे कुलूप उघडले. दादरच्या कोहिनूर गिरण्यांचे व्यवस्थापन सरकारने १९८३ मध्ये घेतले, १९९५ मध्ये त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि २००५ मध्ये तीन नंबरच्या गिरणीची जागा ४२१ कोटींना विकली गेली. जुन्या भागधारकांचा त्या पैशाशी संबंध उरला नव्हता. लोअर परळच्या फिनिक्स मिलची कंपनी मात्र भागधारकांची राहिली, सूत सोडून मॉलच्या धंद्यात गेली, आणि ज्यांनी तिचे जुने कागद पेटीच्या तळाशी जपले त्यांचे भले झाले. दोन्ही गिरण्या गिरणगावातल्या, दोघींचे दिवस एकदमच फिरलेले. पडलेल्या भावाकडे पाहून त्यांतली कोणती उठणार, हे १९८३ साली कोण सांगू शकले असते? आणि ज्यांनी त्या मागांवर आयुष्य काढले त्यांचा तर कुठल्याच सरासरीत हिशेब नाही. त्यांच्यापैकी ज्यांना घर मिळाले, त्यांना ते सोडतीत नाव निघाले म्हणून मिळाले.

बॅकबे कंपनीचे पुढे काय झाले, तेही सांगायचे राहिले. कंपनी दिवाळ्यात निघाली. पण भराव सगळा फुकट गेला नाही. किनाऱ्याची जी पट्टी समुद्रातून वर आली होती ती सरकारने घेतली, आणि पुढे बी. बी. सी. आय. रेल्वेला आपले रूळ चर्नी रोडच्या पुढे कुलाब्याकडे नेण्यासाठी दिली. गिरगावातून रोज सकाळी जी मंडळी चर्चगेटची गाडी पकडतात, त्यांची गाडी काही अंतर त्या पन्नास हजारांच्या शेअरवरूनच जाते.