मोजून मिळणारा चमत्कार

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे एक लहानसे गाव आहे. १९७४ साली या गावातून तीन छोट्या पुस्तिकांची एक पेटी विक्रीस निघाली. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', कर्ते गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन एका काल्पनिक जगाचे वर्णन करतो. बाकीचे त्या जगातील योद्धा, जादूगार किंवा धर्मगुरू यांची भूमिका घेतात, आणि अडल्या प्रसंगी फासे टाकून निर्णय होतो. पुढच्या दशकात याच खेळावर सैतानपूजेचा आरोप आला. वास्तविक, त्यातील धर्मगुरूच्या वाट्याची जादू बरीचशी पवित्र शास्त्रातून आणि ख्रिस्तसभेच्या इतिहासातून उचललेली होती. म्हणूनच हा वृत्तान्त आपण कॅथलिक वाचकांनी समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

प्रथम जादूगाराविषयी. योद्धा दिवसभर तलवार चालवू शकतो; मग जादूगारही दिवसभर मंत्र टाकू लागला, तर इतरांनी करायचे काय? हा प्रश्न सोडवण्यासाठी गायगॅक्सने जॅक व्हॅन्स या लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातील एक कल्पना घेतली. तेथील जादूगार मंत्र मोठ्या कष्टाने पाठ करतो, पण एकदा उच्चारताच तो स्मृतीतून पुसला जातो. खेळात याचा नियम झाला. प्रत्येक पायरीच्या जादूगाराला ठरावीक संख्येचेच मंत्र. वापरला की संपला. पुन्हा हवा असेल तर पोथी उघडून पुन्हा पाठ करावा. व्हॅन्सचे हे ऋण खेळातच नोंदले गेले आहे. 'व्हेक्ना' या दुष्ट मांत्रिकाचा हात आणि डोळा या खेळातील प्रसिद्ध जादूच्या वस्तू आहेत, आणि व्हेक्ना हे नाव व्हॅन्सच्या नावातील इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून बनवलेले आहे.

धर्मगुरूचा जन्म मात्र निराळ्या गरजेतून झाला. मिनेसोटा राज्यात आर्नेसनच्या मंडळींत एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च बनून भलतेच प्रबळ झाले. त्याला आवर घालण्यासाठी, त्या काळच्या इंग्रजी भयपटांतील क्रूसधारी पिशाच्चशिकाऱ्याच्या धर्तीवर, एक धर्मगुरू उभा करण्यात आला. त्याने क्रूस पुढे धरावा, फासे पडावेत, आणि भुताखेतांनी पळ काढावा. १९७४ च्या पुस्तिकेतील साहित्याच्या यादीत लाकडी क्रूस दोन सुवर्णनाणी, चांदीचा क्रूस पंचवीस आणि पवित्र पाण्याची कुपी पंचवीस, असे भावही दिलेले आहेत. धर्मगुरूच्या आठ पायऱ्यांत ग्रामधर्मगुरू, व्हिकर, क्युरेट, बिशप अशी ओळखीची नावे येतात. फक्त बिशपच्या वर लामा बसवलेला आहे आणि सर्वांच्या वर पेट्रिआर्क!

धर्मगुरूने धारदार शस्त्र वापरू नये, हाही नियम होता. अकराव्या शतकातील बायू येथील प्रसिद्ध भरतकामात बिशप ओडो हातात सोटा घेऊन घोड्यावर बसलेला दिसतो. रक्त सांडू नये म्हणून बिशप मंडळी सोटा वापरीत, अशी समजूत त्यावरून रूढ झाली. तिला भक्कम पुरावा नाही. सोट्याने रक्त सांडत नाही, असे तरी कोण म्हणेल? परंतु १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना रक्तपाताच्या कामांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता, हे खरे आहे. त्या आदेशाचा अंधूक पडसाद या खेळात उमटला, असे म्हणता येईल.

आता त्याचे मंत्र पाहावेत. काठ्यांचे साप करणे, कीटकांची धाड आणणे, जखमा बऱ्या करणे, पाणी आणि अन्न निर्माण करणे, मृताला उठवणे. पुढे १९७८ च्या ग्रंथात पाणी दुभंगण्याचा मंत्रही धर्मगुरूच्या यादीत आला. अहरोनाची काठी, मिसर देशावरील टोळधाड, तांबडा समुद्र आणि अरण्यातील मान्ना ज्याने ऐकले आहे, त्याला हे कोठून आले ते सांगावे लागत नाही. १९७४ च्या नियमांनुसार आठव्या पायरीचा धर्मगुरू मरून चार दिवसांपर्यंत झालेल्या माणसाला उठवू शकतो. चार दिवस! बेथानीचा लाझारस कबरेत किती दिवस होता, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या वाचकाला आठवल्याशिवाय राहत नाही.

जादूच्या वस्तूंतही हेच घडले. १९७९ च्या सूत्रधार-ग्रंथात कथबर्टच्या नावाची एक गदा आहे. ऐतिहासिक संत कथबर्ट हे लिंडिसफार्न बेटाचे बिशप. एकान्त आणि प्रार्थना यांची ओढ असलेले हे मठवासी ६८७ साली निवर्तले. त्यांचे अवशेष डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये आहेत. संतांचे अवशेष आपण पूज्य मानतो ते त्यांच्या पवित्र जीवनाच्या स्मरणार्थ. खेळात मात्र अवशेषाचे हत्यार होते आणि शांत संन्याशाच्या हाती गदा येते.

जादूगार आणि धर्मगुरू यांत नियमांनी एक भेद ठेवला होता, तो महत्त्वाचा आहे. जादूगार पाठांतर करतो. धर्मगुरू प्रार्थना करतो. १९७४ मध्ये पहिल्या पायरीच्या धर्मगुरूला एकही मंत्र मिळत नसे. १९७९ च्या ग्रंथानुसार वरच्या पायरीच्या शक्ती दैवताकडूनच येतात, आणि सेवक अविश्वासू निघाल्यास त्या नाकारल्या जाऊ शकतात. तरीही व्यवहारात टेबलावर काय होते? सकाळची प्रार्थना, मग अमुक इतके मंत्र, मग वहीत एकेकावर काट. खेळाला मोजणी टाळता येत नाही. त्यामुळे चमत्काराचा शिधा झाला.

याच सुमारास वादळ उठले. १९७९ साली मिशिगनमधील एक सोळा वर्षांचा विद्यार्थी विद्यापीठातून बेपत्ता झाला, आणि वर्तमानपत्रांनी दोष या खेळावर टाकला. तो मुलगा पुढे जिवंत सापडला. मन पूर्वीपासूनच कष्टी असलेल्या त्या मुलाने १९८० साली स्वतःचे जीवन संपवले. १९८२ साली व्हर्जिनियातील पॅट्रिशिया पुलिंग या मातेचा मुलगा असाच गेला. तिने दुसऱ्याच वर्षी या खेळाविरुद्ध संघटना उभारली. तिच्या दुःखाविषयी आम्हांस आदरच वाटतो. पुत्रशोकाने व्याकूळ झालेली आई कारण शोधणारच. पण तिच्या हाती जे कारण दिले गेले ते खोटे होते. १९९० साली मायकेल स्टॅकपोल या लेखकाने तिची आकडेवारी आणि पुरावे तपासून ते टिकत नसल्याचे दाखवले.

१९८४ साली जॅक चिक या प्रचारकाने एक चित्रपत्रक काढले. खेळातील मंत्र म्हणता म्हणता मुलीला खरी चेटूकविद्या येते, अशी त्याची कथा. कॅथलिक कुटुंबांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. याच चिकने पोपमहोदय आणि ख्रिस्तप्रसाद यांच्याविरुद्धही तितकीच विषारी पत्रके वाटली होती. ज्याला आपली पवित्र मिस्सा सैतानी वाटत होती, त्यालाच हा खेळही सैतानी वाटला. वातावरण इतके तापले, की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून खेळातून 'डेव्हिल' आणि 'डीमन' हे शब्द वगळले गेले. पुढे ते प्राणी नवी नावे घेऊन आले. २००० साली तिसऱ्या आवृत्तीत जुनी नावे परतली. मंत्र वापरताच विसरण्याचा जुना नियमही क्रमाने सैल झाला. २०१४ च्या आवृत्तीत साधे मंत्र हवे तितक्या वेळा वापरता येतात.

मग आईबापांनी या खेळाकडे कसे पाहावे? धर्मशिक्षणाने जादूटोण्याचा निषेध केला आहे, तो गूढ शक्तींना आपल्या हुकमतीत आणण्याच्या खऱ्या प्रयत्नाचा. फासे टाकून 'माझ्या पात्राने जखम बरी केली' असे सांगणारा मुलगा कोणत्याही शक्तीला हाक मारीत नाही. तो बेरीज-वजाबाकी करीत असतो. तेथे भय धरण्याचे कारण नाही. परंतु प्रेषितांच्या कृत्यांतील शिमोन जादूगार विसरू नये. हात ठेवून पवित्र आत्मा देण्याची शक्ती त्याने पैसे देऊन मागितली. देवाचे दान हक्काने किंवा हिशेबाने मिळते, ही त्याची चूक होती, आणि पेत्राने त्याला त्याबद्दल खडसावले. ही चूक करण्यासाठी फाशांची गरज लागत नाही. नऊ दिवसांची प्रार्थना केली म्हणजे परीक्षेत यश मिळालेच पाहिजे, असे घरातील वडीलधाऱ्यांनाही वाटू शकते.

म्हणून टेबलाभोवती खेळणारी मुले दिसली, तर त्यांचे फासे हिसकावून घेऊ नयेत. काठीचा साप कोणी केला, आणि बेथानीच्या कबरेपाशी कोण रडले, हे त्यांना विचारावे. ठाऊक नसेल तर शेजारी बसून सांगावे. आणि एखादे मूल टेबलापासून दूर, गप्प बसलेले असेल, तर आधी त्याच्याजवळ जावे.