सोयाबीन, संप्रेरके आणि जिवाणू: प्रतिकाराच्या निर्णयाचे शास्त्र

१. प्रश्नाची मांडणी

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद परिसरात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. मृगाच्या पावसावर पेरलेले हे पीक पुढे अनेक आठवडे ओल्या पानांनी उभे असते आणि ओले पान जिवाणूंच्या सोयीचे असते. सोयाबीनवर मुख्यतः दोन जिवाणूजन्य रोग येतात. पहिला करपा. तो ‘सुडोमोनास सिरिंगी’ या जिवाणूच्या ‘ग्लायसिनिया’ प्रकारामुळे होतो. पानावर कोनाकृती, पाणथळ ठिपके आणि त्यांभोवती पिवळे वलय ही त्याची खूण. थंड, ओली हवा त्याला मानवते. दुसरा पुरळ. तो ‘झँथोमोनास’ वंशाच्या जिवाणूमुळे होतो आणि उष्ण, दमट हवेत फोफावतो. त्याच्या ठिपक्याच्या मध्यावर बारीक उंचवटा येतो, म्हणून पुष्कळदा तो तांबेरा समजला जातो. मात्र तांबेऱ्याच्या फोडातून बीजाणूंची भुकटी बाहेर पडते, पुरळातून पडत नाही.

झाडाच्या अंगात रोगजंतूंचा पाठलाग करणाऱ्या फिरत्या पेशी नसतात. शत्रू ओळखणे, काय करायचे ते ठरवणे आणि ते पार पाडणे, ही तिन्ही कामे प्रत्येक पेशीलाच करावी लागतात. यांपैकी ठरवण्याचे काम संप्रेरकांच्या परस्पर प्रमाणावर चालते. रोगाचा निकाल झाडाच्या जोमापेक्षा या निर्णयाच्या वेळेवर आणि दिशेवर अधिक अवलंबून असतो. जिवाणूही नेमका तिथेच घाव घालतो.

२. ओळखीचे दोन थर

जिवाणूच्या शेपटीतील ‘फ्लॅजेलिन’ हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला जाणवले, की पहिला थर जागा होतो. पर्णरंध्रे मिटू लागतात आणि पेशीभित्ती बळकट होऊ लागते. मग जिवाणू सुईसारख्या रचनेतून पेशीत प्रथिने सोडतो आणि हा प्रतिसाद दडपतो. त्यांतले एखादे प्रथिन झाडाच्या रोधक जनुकाला ओळखता आले, तर दुसरा थर पेटतो. लागण झालेल्या पेशी स्वतःहून मरतात आणि जिवाणूची वाढ तिथेच कोंडली जाते. जिवाणूच्या ज्या जनुकामुळे अशी ओळख पटते, तसे पहिले जनुक १९८४ साली स्टास्काविझ, डालबेक आणि कीन यांनी वेगळे केले. ते सोयाबीनच्या करप्याच्या जिवाणूतीलच होते.

३. दोन परस्परविरोधी मार्ग

जिवंत पेशीवर पोसणाऱ्या जिवाणूंविरुद्ध मुख्य संप्रेरक सॅलिसिलिक आम्ल. ते वाढले की ‘एनपीआर१’ हे नियामक प्रथिन पेशीकेंद्रकात जाऊन संरक्षक जनुके चालू करते. सोयाबीनमध्ये या प्रथिनाची दोन समकक्ष रूपे आहेत. अळ्या आणि मृत पेशींवर जगणाऱ्या बुरशी यांच्याविरुद्ध जास्मोनिक आम्ल काम करते. बुरशीच्या बाबतीत बहुतेकदा इथिलीनही त्याच्या जोडीला असते.

हे दोन मार्ग बव्हंशी एकमेकांना दाबतात. त्यात झाडाची काटकसर आहे, कारण प्रथिने आणि ऊर्जा मर्यादित असतात. पण रिठदच्या वावरात उंटअळी आणि जिवाणू एकाच आठवड्यात येऊ शकतात. अशा वेळी एका शत्रूविरुद्धची तयारी दुसऱ्याच्या पथ्यावर पडते.

४. संदेशाची नक्कल

करप्याचा जिवाणू ‘कोरोनॅटिन’ नावाचे विष बनवतो. त्याची घडण झाडाच्या स्वतःच्या सक्रिय जास्मोनेट रेणूशी इतकी मिळतीजुळती असते, की ग्राहकाला फरक कळत नाही. अळीचा हल्ला झाल्याच्या समजुतीने झाड जास्मोनिक मार्ग उघडते आणि सॅलिसिलिक मार्ग मागे पडतो. कोरोनॅटिनमुळे मिटलेली पर्णरंध्रे पुन्हा उघडतात, हे २००६ साली ‘अॅराबिडॉप्सिस’ या प्रायोगिक रोपावर दाखवले गेले. झाडाची शस्त्रे शाबूत असतात. फक्त ती चुकीच्या दिशेला रोखली जातात.

५. संपूर्ण झाडाला सावध करणे

एका पानावर लागण झाली की उरलेली पानेही अधिक रोगक्षम होतात, हे १९६१ साली फ्रँक रॉस यांनी तंबाखूवर दाखवले. १९७९ साली रेमंड व्हाइट यांना सॅलिसिलिक आम्लाच्याच जातकुळीतले ॲस्पिरिन दिलेल्या तंबाखूत विषाणूचा प्रतिकार वाढलेला आढळला. पुढे सॅलिसिलिक आम्लाचे विघटन करणारे जिवाणूचे जनुक झाडात घालून पाहिले गेले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात झाडाच्या दूरच्या पानांची रोगक्षमता नाहीशी झाली आणि या आम्लाची गरज निर्विवाद ठरली.

६. तापमानाचा कौल

करप्याच्या जिवाणूचा सर्वाधिक अभ्यासला गेलेला उपप्रकार १८ अंश सेल्सियसला भरपूर कोरोनॅटिन बनवतो, तर २८ अंशांला जवळजवळ मुळीच नाही. रिठदच्या पावसाळी रात्रीही सहसा १८ अंशांपर्यंत उतरत नाहीत. म्हणजे करप्याचे मुख्य हत्यार इथे बहुधा बोथटच राहते.

पण उष्णता झाडाचाही घात करते. २८ अंशांला अॅराबिडॉप्सिसचे सॅलिसिलिक आम्लाचे उत्पादन ढासळते. ‘सीबीपी६०जी’ या नियामक जनुकाचे काम मंदावणे हे त्याचे कारण असून ते जनुक उष्णतेतही चालू ठेवले तर प्रतिकार परत येतो, हे शेंग यांग हे यांच्या गटाने २०२२ साली दाखवले. अॅराबिडॉप्सिस थंड हवेतले रोप आहे, सोयाबीन उष्ण ऋतूतले. शिवाय झाडांत सॅलिसिलिक आम्ल बनण्याच्या दोन जैवरासायनिक वाटा असून सोयाबीनला त्या दोन्ही लागतात. म्हणून २८ हा आकडा सोयाबीनला जसाच्या तसा लावता येत नाही. उष्ण हवेत झाडाचा मुख्य संदेश क्षीण होऊ शकतो, एवढा इशारा मात्र घ्यावा लागतो. पुरळाचा जिवाणू उष्णतेत वाढतो आणि त्याचे बळ कोरोनॅटिनवर अवलंबून नाही. त्यामुळे विदर्भातल्या उष्ण, दमट पावसाळ्यात करप्यापेक्षा पुरळाकडे अधिक लक्ष हवे.

७. शेतीसाठी निष्कर्ष

पहिला निष्कर्ष वेळेचा. सॅलिसिलिक मार्ग जागा करणारी ‘अॅसिबेन्झोलार’सारखी रसायने जिवाणू मारत नाहीत. पाने ठिपक्यांनी भरल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. लागणीपूर्वीच ती परिणामकारक ठरतात.

दुसरा किमतीचा. सॅलिसिलिक मार्ग सतत चालू राहिलेली प्रायोगिक रोपे खुजी राहतात. संरक्षणाचा खर्च वाढीतून वळता होतो, म्हणून तारखा ठरवून वारंवार उत्तेजक फवारणे पिकालाच महाग पडू शकते. अळीचा जोर असताना तर हा विचार आणखी काटेकोर हवा.

तिसरा पायाभूत उपायांचा. निरोगी बियाणे, रोगाचे अवशेष नष्ट करणे, फेरपालट, पाने ओली असताना कोळपणी टाळणे आणि रोधक वाण यांमुळे जिवाणूची संख्या सुरुवातीलाच कमी राहते. झाडाच्या निर्णयाला वेळ मिळतो तो इथे. ठिपके जिवाणूचे की तांबेऱ्याचे, याचे निदान करडा येथील कृषी विज्ञान केंद्राकडून करून घेऊन मगच औषध निवडावे.

वाण-पैदाशीपुढचे काम यावरून स्पष्ट होते. रोधक जनुकांची संख्या वाढवणे पुरेसे नाही. ऐन पावसाळ्याच्या उकाड्यातही ज्याचा सॅलिसिलिक संदेश टिकून राहील, असा वाण निवडणे हा विदर्भाच्या सोयाबीनसाठी अधिक मूलभूत निकष आहे.